फोटोआधी वस्तू पुसू नका

तुम्ही विचारलंय, ‘घरातल्या रोजच्या वस्तूंच्या फोटोंचा संग्रह करायचाय, कॅमेरा कोणता घेऊ आणि मांडणी कशी करू?’ कॅमेऱ्याचं सोडा, हातातला फोन पुरे. त्याहून मोठा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही: फोटोआधी वस्तू पुसायची का? अजिबात नाही.

माझ्या वडिलांची हत्यारांची पत्र्याची पेटी होती. झाकणाच्या आत त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी केल्या होत्या: कुठल्या दाराला कोणत्या मापाचा स्क्रू, पंख्याचं बेअरिंग कोणत्या नंबरचं आणि कधी बदललं. वर्षानुवर्षांच्या ओळी. ते गेल्यावर मी एकेका हत्याराचा फोटो काढायला घेतला. पक्कड, पाना, पटाशी, रंधा. पेटी शेवटी ठेवली होती. त्या दिवशी मी खिडकीपाशी उजेड बघत होतो, तेवढ्यात दादाने मदत म्हणून रॉकेलचा बोळा फिरवून पेटी आतून-बाहेरून लख्ख केली. फोटो चांगला आलाय. झाकण कोरं आहे.

दादा आजही म्हणतो, मळकी वस्तू कशाला दाखवायची? दाखल्याला तो वॉकर इव्हान्सला पुढे करतो. या अमेरिकी छायाचित्रकाराने १९५५ साली ‘फॉर्च्यून’ मासिकासाठी साध्या हत्यारांचे फोटो काढले होते, मोकळ्या पार्श्वभूमीवर, स्वच्छ. ते फोटो मलाही फार आवडतात. पण त्यांना हत्याराचा घाट दाखवायचा होता. मला वडिलांचा हात दाखवायचा होता. पटाशीची मूठ एका अंगाने झिजलेली आहे, कारण ते डावखुरे होते. पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी आहे, कारण घामाने हात सटकायचा. हे पुसून उरतो तो कुठल्याही दुकानातला पाना. दादाने हे एकदा तरी मान्य करावं, एवढंच मला हवंय.

मांडणीचं म्हणाल तर बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याचं काम बघा. १९५९ पासून त्यांनी पाण्याच्या टाक्या, भट्ट्या टिपल्या, ढगाळ उजेडात आणि एकाच पद्धतीने समोरून. सगळं सारखं ठेवलं की फरक आपोआप दिसतो. तुम्हीही एकच जागा, एकच अंतर ठेवा. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या आणि घरातले दिवे बंद करा, दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की रंग बिघडतात. फोन वस्तूला अगदी चिकटवू नका, जवळची बाजू फुगते. थोडं मागे सरून झूम करा. वस्तूवर काही लिहिलेलं असेल तर त्याचा वेगळा, जवळून फोटो हवाच. मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा. मेसेजमधून पाठवलेली प्रत जपून उपयोग नाही, ती दाबून लहान केलेली असते आणि बहुतेकदा फोटो काढल्याची तारीखही तिच्यातून गेलेली असते.

एक राहिलं. किल्ल्यांचे फोटो कुठे टाकू नका, नुसत्या फोटोवरून तशी किल्ली बनवता येते. आणि गंज किंवा बुरशी असेल तर वस्तू साफ करावीच लागते, हे मलाही मान्य आहे. पण फोटोनंतर. आणि घरात मदत करणारं कोणी असेल तर त्याला हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा.