सुपरकारमधून सामान काढून तिचीच ‘लिमिटेड एडिशन’ महाग विकणं ही फसवणूक नाही का?

मागे सीट नाही, काचेच्या जागी प्लास्टिक, दाराला धड हँडल नाही आणि किंमत मात्र मूळ गाडीपेक्षा जास्त, म्हणजे उपाशी ठेवून जेवणाचं बिल लावल्यासारखं झालं, असं तुम्ही लिहिलंय. उपमा झकास आहे, अर्धी खरीही आहे.

मी स्टुटगार्टजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो, म्हणून उदाहरण इथल्याच पोर्शचं घेतो. 2007 ची 911 जीटी2 घ्या: 530 हॉर्सपॉवर, 1440 किलो. 2010 मध्ये तिचीच हलकी आवृत्ती, जीटी2 आरएस, आली: 620 हॉर्सपॉवर, 1370 किलो, एकूण 500 गाड्या. अमेरिकेत किंमत 1,90,000 डॉलरच्या आसपास होती ती 2,45,000 झाली.

वाढलेल्या 90 हॉर्सपॉवरचं सगळ्यांना कौतुक असतं. मला त्या 70 किलोंचं जास्त वाटतं. 70 किलो म्हणजे एक धडधाकट माणूस. स्कूटरवर डबलसीट जाताना मागचा उतरला की गाडी कशी वागते, आठवा. नुसती पळत नाही, ब्रेक लवकर लागतो, वळणावर कलंडवायला जोर लागत नाही, खड्ड्यात आदळली तरी सावरते. इंजिनाची ताकद सरळ रस्त्यावर कामाला येते. वजन कमी असण्याचा फायदा ब्रेक मारताना, वळताना, वळणातून बाहेर पडताना, सगळीकडे. आकड्यांत बघायचं तर दोन्ही गाड्यांचा टॉप स्पीड जवळजवळ सारखाच, ताशी 329 आणि 330 किलोमीटर. पण नुर्बुर्गरिंगच्या वीसेक किलोमीटरच्या घाटवळणी ट्रॅकवर जीटी2 ला 7 मिनिटं 32 सेकंद लागली होती आणि आरएसला 7 मिनिटं 18. (ताकद आणि टायरही बदलले होते, सगळं श्रेय वजनाला देत नाही.)

या ट्रॅकवर ठरावीक दिवशी पैसे भरून कुणीही स्वतःची गाडी घेऊन जाऊ शकतं. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो आणि पार्किंगमध्ये एक आरएस उभी होती, इंजिन चालू. आतून खडखड आवाज येत होता, डब्यात नटबोल्ट घालून हलवावेत तसा. मालक साठीचे गृहस्थ. मी आपला इंजिनिअरपणा दाखवत म्हणालो, काहीतरी सैल झालंय वाटतं. ते हसले आणि क्लच दाबला. आवाज गायब. क्लच सोडला, पुन्हा खडखड. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साध्या गाडीत फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) दोन भागांचं असतं, मधल्या स्प्रिंगा इंजिनाचे हिसके गिळतात. इथे वजन वाचवायला एकसंध फ्लायव्हील घातलेलं, म्हणून ते हिसके थेट गिअरबॉक्सपर्यंत जातात आणि न्यूट्रलमध्ये दाते एकमेकांवर वाजतात. त्याच्या बदल्यात ॲक्सिलरेटरला पाय लागला की इंजिन जे उसळतं, ते त्यांनी दोनदा करून दाखवलं. आजूबाजूच्या चारसहा माना वळल्या.

दार आतून उघडायला कापडी पट्टीचा फास होता, ओढला की दार उघडतं. एसटीत कंडक्टर घंटीची दोरी ओढतो ना, हुबेहूब तसं. तेव्हाच मी विचारलं, एवढे पैसे मोजून हँडलसुद्धा नाही? ते म्हणाले, मला दार उघडायचं असतं, हँडल काय करायचंय!

आता पैशांचं. काढून टाकणं स्वस्त असतं, पण त्या जागी हलकं काही बसवणं महाग. धातूचं बॉनेट चाकणच्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये धाडधाड पडतं, काही सेकंदांत एक. कार्बन फायबरचं बॉनेट म्हणजे साच्यात थर लावा, दाबाखाली तापवून पक्कं करा, मग घासून-पुसून हातात घ्या. त्यात डिझाइन, चाचण्या, साचे यांचा खर्च लाखभर गाड्यांवर नाही, 500 गाड्यांवर वाटायचा.

पण गंमत 1972 मध्ये आहे. त्या वर्षी पॅरिसच्या मोटर शोमध्ये पोर्शने 911 कॅरेरा आरएस 2.7 दाखवली, या सगळ्या आरएस मंडळींची मूळ आजी. 210 हॉर्सपॉवर; तेव्हाच्या 911 एसपेक्षा 20 जास्त. पातळ पत्रा, पातळ काच, मागची सीट नाही, घड्याळ नाही, दार ओढायला पट्टा, आणि पुढचं कंपनीचं चिन्हसुद्धा धातूचं न लावता स्टिकर म्हणून चिकटवलेलं. वजन 960 किलो. तिथेही 500 हाच आकडा होता, पण उलट अर्थाने. ज्या शर्यतीच्या गटात उतरायचं होतं त्याचा नियम होता की किमान 500 गाड्या बनवून दाखवा. कंपनीच्या विक्री विभागालाच शंका होती की असली उघडीबोडकी गाडी 500 लोक घेतील का. महिना-दोन महिन्यांत त्या संपल्या आणि शेवटी 1,580 बनवल्या गेल्या.

म्हणजे तेव्हा 500 हा गाठायचा आकडा होता, 2010 मध्ये तो न ओलांडायचा आकडा झाला. तुमच्या तक्रारीचा खरा अर्धा इथे आहे. हलकी करण्यात फसवणूक नाही, ते कष्टाचं काम आहे. मर्यादा मात्र आता कुठला शर्यतीचा नियम घालत नाही, दुकानदार स्वतःच घालतो, मग भाव चढतो. आणि गाडी घेणारे कित्येक जण ती ट्रॅकवर नेतच नाहीत, वातानुकूलित गॅरेजात झाकून ठेवतात. तिथे 70 किलो वाचले काय आणि वाढले काय!

पुढे तर सामान काढणं हाच वेगळा विकायचा माल झाला. 2017 च्या जीटी2 आरएसला आणखी वीस-तीस किलो कमी करणारं ‘वायसाख’ पॅकेज होतं, अमेरिकेत 31,000 डॉलर जादा. दुसरीकडे मॅक्लारेनने 2015 च्या 675एलटीमधून एसी काढला, पण हवा असेल तर फुकट परत बसवून देऊ म्हणाले. त्या गाडीचेही 500 च कूपे, म्हणजे बंद छताच्या गाड्या!

1972 चा हिशोब मला जास्त सरळ वाटतो. गाडी 34,000 मार्क (तेव्हाचं जर्मन चलन). हलक्या ‘स्पोर्ट’ पॅकेजला 700 मार्क जादा. आणि काढलेला आराम परत हवा असेल तर ‘टूरिंग’ पॅकेज, 2,500 मार्क जादा, त्यात वजनही 115 किलोंनी वाढायचं. हलकी स्पोर्ट घेणारे निघाले 200. टूरिंग घेतली 1,308 जणांनी.

मीही टूरिंगच घेतली असती. माझी कंबर तशी नाजूक आहे.