वारा सुटलेला असताना खाडीत किंवा नदीत गळ टाकायला आडोशाची जागा कशी शोधावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सुट्टीच्या दिवशीच नेमका ताशी २५ किलोमीटरचा वारा असतो, खाडीच्या तोंडाशी उभं राहवत नाही, तेव्हा आत कुठेतरी 'एकदम शांत पाणी' कसं शोधायचं ते सांगा. वाऱ्याबद्दल सहानुभूती आहे. 'एकदम शांत पाणी' या मागणीशी मात्र माझं जुनं भांडण आहे. ते तुमच्याशी नाही, माझ्या मोठ्या मेव्हण्यांशी आहे. पण तुम्ही अगदी त्यांचेच शब्द वापरलेत, त्यामुळे आता ऐकून घ्या.

शांत पाणी शोधायला अक्कल लागत नाही. नदीत पुरेसं आत जा, दोन्ही बाजूंना उंच काठ येतील आणि पाणी निपचित पडलेलं मिळेल. तिथे मासा कशाला येईल, हा खरा प्रश्न. आडोसा आपल्याला हवा असतो, आपल्या दोरीला हवा असतो. माशाच्या डोक्यावरून वारा जातोय की नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. उलट पाण्याचा पृष्ठभाग विस्कटलेला असला की त्याला काठावरचं नीट दिसत नाही, खाली उजेड कमी पोचतो, आणि एरवी खोलात बसणारा मोठा मासा उथळात यायची हिंमत करतो. शिवाय वारा वरचं पाणी आणि त्यावरचं खाणं एका काठाकडे ढकलत असतो. म्हणून तुम्ही आडोशात आणि आमिष वाऱ्याच्या कडेला, अशी जागा शोधायची. उत्तर एवढंच आहे, बाकी तपशील.

नकाशाचं काम घरी उरकून घ्या. उपग्रहाचा नकाशा उघडा आणि त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा बघा. नैर्ऋत्येचा वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा, पण बहुतेक ॲपमधल्या बाणाचं टोक वारा जिकडे चाललाय तिकडे असतं. यात गफलत करून बरोब्बर उलट्या काठावर जाऊन बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मग पात्राचे असे तुकडे शोधा जे वाऱ्याला आडवे पडतात. वाऱ्याच्या दिशेनेच लांब सरळ पसरलेलं पात्र असेल तर विसरा. वारा त्यातच शिरतो आणि मोकळ्यापेक्षा जोरात वाहतो. दोन्ही बाजूंना डोंगर असतील तर तो पात्राच्या दिशेने वळतोसुद्धा, आणि ॲप सांगतं ती दिशा तुमच्या काठावर लागूच होत नाही.

लाटेचं गणित वाऱ्याच्या वेगाइतकंच त्याला पाण्यावरून धावायला किती पल्ला मिळतो यावर असतं. ताशी ३५ किलोमीटरच्या वाऱ्याला एक किलोमीटर मोकळं, खोल पाणी मिळालं तर लाट वीतभरही उठत नाही. दहा किलोमीटर मिळालं तर ती अर्ध्या मीटरची होते. म्हणजे वारा तोच, पण एका वळणाच्या आड गेलात की पाणी वेगळं. नागमोडी नदीत कुठल्याही वाऱ्याला कुठलं तरी वळण उपयोगी पडतंच. त्यातही वळणाचा बाहेरचा काठ बघा. प्रवाह तिथे आदळतो म्हणून काठ उभा तुटलेला असतो आणि पायाखालीच खोल पाणी असतं. वारा त्या काठाच्या मागून येत असेल तर आडोसा, खोली आणि प्रवाह एकाच जागी मिळाले. आतल्या काठाला वाळू साचते, पाणी घोटाभर. तिथे खुर्ची टाकायला छान वाटतं, एवढाच तिचा उपयोग.

आता मेव्हणे. त्यांचं ठाम मत: "जावईबापू, वाऱ्यात मासा तोंड उघडत नाही." वयाने मोठे, पाण्याकाठी माझ्या आधीपासून, त्यामुळे घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही.

त्या दिवशी खारे वारे दुपारच्या आधीच सुटले होते. खाडीच्या तोंडाशी पांढरे तुरे जागोजागी फुटत होते, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीवर चार नंबर, ताशी २० ते २८ किलोमीटर. तुमच्याच वाऱ्याइतका. मेव्हण्यांनी निर्णय जाहीर केला (ते सुचवत नाहीत, जाहीर करतात) की पार आत जायचं, जिथे दोन्ही अंगांना दरड आहे. गेलो. पाणी खरंच सपाट होतं. त्यावर वाळकी पानं पडली होती आणि जागची हलत नव्हती.

मी म्हटलं, "दादा, ओहोटी चालू आहे आणि पानं हलत नाहीत. मग पाणी जातंय कुठून?"

"तुम्ही गळ टाका हो."

पाणी पलीकडच्या काठाने जात होतं. आमच्या बाजूला नुसतं साठलेलं, मेलेलं पाणी. आणि गंमत म्हणजे आडोसाही धड नव्हता. दरडीवरून आलेला वारा मध्येच खाली आदळायचा. एकदा फेकलं की ल्युअर (खोटं आमिष) डावीकडे, दुसऱ्यांदा फेकलं की उजवीकडे, तिसऱ्यांदा समोरून झुळूक येऊन दोरी तोंडावर. मेव्हणे शिसं वाढवत गेले. शेवटी एवढं जड शिसं लावलं की ते पडल्याचा आवाज ऐकून उरलासुरला मासाही समुद्राला लागला असेल.

मी उठलो आणि खालच्या अंगाला चालत निघालो. पुढे खाडी वळते. वळणाच्या काठाला तिवरांचा, म्हणजे खारफुटीच्या झाडांचा, दाट पट्टा आहे आणि त्याच्या पोटातून खाजणातलं (भरतीचं पाणी शिरतं त्या सखल जमिनीतलं) पाणी काढून आणणारी एक अरुंद वाट खाडीत उतरते. वारा तिवरांवरून माझ्या पाठीवर येत होता, पण चाळून आल्यासारखा, मवाळ. समोर वीसेक पावलं पाणी गुळगुळीत, आणि त्यापुढे एकदम रेघ मारल्यासारखी सुरकुत्यांची सुरुवात. त्या रेघेवर फेस, काड्या आणि फुटकी पानं एका ओळीत चालली होती. खाजणातलं गढूळ पाणी बरोब्बर तिथेच मुख्य धारेला मिळत होतं. बोई माशाची पिल्लं मधूनच मूठभर उडायची, सगळी एकाच दिशेला, म्हणजे खालून कोणीतरी त्यांच्या मागे होतं.

जिवंत कोळंबी शेपटीजवळ टोचली, हलकं शिसं लावलं, वारा पाठीशी असल्यामुळे आमिष आपसूक लांब गेलं. रेघेच्या पलीकडे पडलं आणि धारेबरोबर रेघेवर आलं. मी दांडीचं टोक पाण्याजवळ धरलं होतं, कारण वर धरलं की वारा दोरीला पोट काढतो आणि मासा चावल्याचं कळतच नाही. पहिल्यांदा नुसती टकटक झाली, मग दोरी वरच्या अंगाला सरकायला लागली, धारेच्या विरुद्ध. तीच खूण. ओढ दिली तर माशाने पाण्याबाहेर अंग काढून डोकं झटकलं. जिताडा. त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, म्हणून गळाजवळ हातभर जाड तंगूस (नायलॉनची दोरी) बांधलेलीच होती. काठाला आणला तेव्हा ती खरवडून पांढरी पडली होती. नुसत्या बारीक दोरीवर तो मिळालाच नसता.

फोन केला. मेव्हणे खुर्ची काखेत मारून आले, मासा उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "नशीब लागतं." ठीक. माणूस मोठा आहे, सोडून दिलं. पण त्यानंतर घरात चार माणसं जमली की ही गोष्ट ते स्वतः सांगतात, आणि ती अशी: "वारा होता, मीच यांना शांत पाण्यात घेऊन गेलो, तिथे जावईबापूंना जिताडा लागला." तिथे! तिथे नव्हे. तिथून चालत खाली आल्यावर, वाऱ्याच्या रेघेवर. बायको म्हणते जाऊ दे ना. मी म्हणतो हा तपशीलाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

तर तत्त्व. भिंत, उभी दरड, इमारत असला भरीव आडोसा वाऱ्याला अडवतो, पण तो वरून उडी मारून मागे भोवरे करतो. झाडांचा पट्टा वाऱ्याला थोडा आरपार जाऊ देतो, म्हणून मागची हवा गोंधळत नाही. शेताच्या कडेला वाराविरोधी झाडं लावणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. अशा पट्ट्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत वारा चांगलाच कमी राहतो. तिवरं सहा मीटर असतील तर पन्नास-साठ मीटर, म्हणजे आपली फेक त्यात आरामात बसते. दरडच मिळाली तर अगदी पायथ्याशी न बसता तिच्या टोकाशी जा, जिथे ती संपते आणि वाऱ्याची रेघ पाण्यावर उतरते. रेघ दिसत नसेल तर फेसाची ओळ शोधा.

भरती-ओहोटीचं एवढंच लक्षात ठेवा की आडोसा पाण्याच्या पातळीबरोबर बदलतो. ओहोटीला उघडे पडलेले वाळूचे आणि चिखलाचे उंचवटे लाटा मोडतात. भरतीला तेच बुडाले की वाऱ्याचा पल्ला लांबतो आणि सकाळची शांत जागा दुपारी खवळते. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला) हा फरक जास्त, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला) कमी. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या आठवड्यात चाललेली जागा या आठवड्यात त्याच घड्याळाला चालेल असं नाही. जोराचा वारा समुद्राकडून आत येत असेल तर तो पाणी अडवून धरतो. तक्त्यात दिलेल्या वेळेला ओहोटी लागली नाही म्हणून तक्त्याला शिव्या देऊ नका.

आणि जागेपेक्षा वेळ बदलता येत असेल तर ती आधी बदला. खारे वारे जमीन तापल्यावर सुटतात, दुपारनंतर जोरात असतात आणि सूर्य कलल्यावर मंदावतात. पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे असतात, तेही हलके. तुमचा २५ किलोमीटरचा आकडा दिवसातल्या कुठल्या तासाचा आहे ते बघितलंत का? आकडा सरासरीचा असतो, तोही जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा. खालीच लिहिलेला झोतांचा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो.

फेकण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो: उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजव्या खांद्यावर वारा घेऊ नये. गळ कानाशी येतो.

आता थोडं सबुरीने. थंडीच्या दिवसांत, स्वच्छ उथळ नदीत, उन्हात तापलेलं आडोशाचं पाणी खरंच चांगलं चालतं, आणि नाजूक फ्लोट लावून छोटा मासा धरायचा असेल तर सपाट पाण्याशिवाय पर्याय नाही. एवढ्यापुरतं मेव्हण्यांचं म्हणणं मान्य, फक्त ते त्यांनी असं कधी म्हटलेलं नाही. तिवरांच्या कडेचा चिखल वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नका. वाऱ्यात मोठ्या, पोकळ झाडाखाली बसू नका, तो आडोसा डोक्यावर येऊ शकतो. ढग गडगडायला लागले तर कार्बनची दांडी आधी खाली ठेवा, तिच्यातून वीज वाहते.

होडीने जाणार असाल तर हिशोब वेगळा. आत जाताना वारा पाठीशी असतो, म्हणून त्याचा जोर कळत नाही. परतताना तो तोंडावर येतो, आणि ओहोटी लागलेली असली तर पाणी वाऱ्याच्या विरुद्ध धावायला लागून लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या तोंडाशी ते सगळ्यात वाईट. परतीची वेळ भरती संपून पाणी थबकतं तेव्हाची धरा, आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली उशी म्हणून ठेवू नका. हेही मेव्हण्यांना उद्देशून आहे.