ऑफिसातून निघालेल्या जुन्या डेल सीपीयूंवर विंडोज ११ टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की गावच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी एका ऑफिसने काढून टाकलेले सहा डेल ऑप्टिप्लेक्स ७०२० मिळाले आहेत. चौथ्या पिढीचा आय-५, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० ला आता अपडेट येत नाहीत, आणि विंडोज ११ घालायला गेलं की 'हा पीसी चालणार नाही' एवढंच सांगून ते थांबतं. यूट्यूबवर ही अट चुकवायची युक्ती सापडली आहे, ती सहाही मशीनवर करावी का, हा तुमचा प्रश्न.

युक्ती चालते. तरीही सहाही मशीनवर करू नका. चार मशीनवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी सिस्टिम) टाका, एकावर विंडोज ११ ठेवा आणि सहावं सुट्या भागांसाठी बाजूला काढा. शाळा आणि वाचनालयांना अशी मशीन लावून द्यायचं काम मी सुट्टीच्या दिवशी बरीच वर्षं करतोय, आणि एका शाळेत माझ्या हातून जे झालं त्यावरून हे सांगतोय.

२०२३ साली त्या शाळेत अशाच पाच सीपीयूंवर मी विंडोज ११ ची २२एच२ आवृत्ती टाकली होती. छान चालत होती. मुलं खूश, गुरुजी खूश, मीही समाधानाने घरी आलो. पण विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्त्यांना प्रत्येकी दोनच वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात, आणि पुढची आवृत्ती अशा अपात्र मशीनवर आपोआप येत नाही. कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन बसावं लागतं आणि तीच युक्ती पुन्हा करावी लागते. २२एच२ चे अपडेट ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाले. मला ते कळलं जून २०२५ मध्ये, शाळा उघडताना. आठ महिने ती मशीन उघड्या दारासारखी पडून होती, आणि त्यांवर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जात होते, आधार क्रमांकासकट. काही विपरीत घडलं नाही, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून कुठल्याही मशीनपुढे बसलो की मी पहिल्यांदा विचारतो, 'मी इथे नसेन तेव्हा हे कोण बघणार?' तुमच्या वाचनालयात याचं उत्तर 'ग्रंथपाल, आणि त्यांना यातलं फारसं कळत नाही' असं असेल, तर ज्याला कमीत कमी हात लावावा लागेल तेच टाकायला हवं.

विंडोज नकार का देतं ते थोडक्यात. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचीच सिस्टिम चालू देणारी सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा प्रोसेसर २०१४ च्या आसपासचा आणि त्यातली टीपीएम १.२ आहे. म्हणजे मशीनमध्ये ताकद नाही असं नाही, ते यादीत बसत नाही इतकंच. खरी तांत्रिक भिंत वेगळी आहे: २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या प्रोसेसरच्या सूचना लागतातच, त्या नसतील तर कुठल्याच युक्तीने ते सुरू होत नाही. तुमच्या आय-५ मध्ये त्या आहेत. कोअर टू ड्युओमध्ये नाहीत, म्हणून कुणी तसले सीपीयू आणून दिले तर त्यांवर विंडोज ११ चा विचारच सोडा.

आता, काहीही टाकायच्या आधी कॅबिनेट उघडा. दहा वर्षांची धूळ असेल. ब्लोअरने बाहेर अंगणात उडवा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा म्हणजे तो उलटा गरगरणार नाही. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावा. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, सीआर२०३२, सहाही मशीनमध्ये बदलूनच टाका. तो संपला की दर वेळी तारीख मागे जाते, तारीख चुकली की ब्राउझर सरकारी साइट उघडत नाही, आणि लोक म्हणतात नेट गेलंय.

पैसे थोडे असतील तर आधी एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, घाला, दुसरं सगळं नंतर. ५०० जीबीची जुनी फिरणारी डिस्क हीच या मशीनची खरी अडचण असते. २४० किंवा २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी घ्या. दुकानदार एम.२ ची पट्टी स्वस्तात देऊ करेल, ती घेऊ नका, ७०२० मध्ये ती बसवायला जागाच नाही. त्यानंतर रॅम: डीडीआर३, १६०० ची, डेस्कटॉपची लांब पट्टी. ४ जीबीच्या जोडीला आणखी ४ घातली की भागतं. सहाव्या मशीनची पट्टी एकाला लागेल, म्हणजे चारच विकत घ्याव्या लागतील. जुन्या बाजारात मिळतात, पण आणल्यावर मिंटच्या पेन ड्राइव्हमध्ये मेमरी तपासायचा पर्याय असतो तो तासभर चालवून बघा. खराब रॅमची पट्टी फार छळते, कारण दोष दर वेळी वेगळ्याच ठिकाणी दिसतो.

जुन्या डिस्क काढल्यावर त्या तशाच कुणाला देऊ नका. त्यांत त्या ऑफिसच्या लोकांची माहिती असू शकते. नुसता झटपट फॉरमॅट मारल्याने ती जात नाही. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून पुसा, नाहीतर ड्रिलने भोक पाडा. आणि त्या ऑफिसकडून लेटरहेडवर सहाही मशीनच्या सर्व्हिस टॅगची (डेलने प्रत्येक मशीनला दिलेल्या क्रमांकाची) यादी आणि 'वाचनालयाला दिले' अशी एक ओळ लिहून घ्या. उद्या बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, पासवर्ड निघाला तर हेच पत्र कामाला येतं. पासवर्ड मदरबोर्डवरच्या छोट्या जंपरने काढता येतो, पण आपण दुसऱ्याचं मशीन उघडत नाही आहोत हे कागदावर असलेलं बरं.

बायोसमध्ये शिरायला डेलवर एफ२, पेन ड्राइव्ह निवडायला एफ१२. आत तीन गोष्टी बघा. बूट, म्हणजे सुरू व्हायची पद्धत, जुनी 'लेगसी' असेल तर नवी यूईएफआय करा, ऑफिसांनी विंडोज ७ च्या काळात बहुतेक ठिकाणी लेगसी ठेवलेलं असतं. साटा ऑपरेशन 'रेड ऑन' असेल तर 'एएचसीआय' करा. हे राहिलं तर इन्स्टॉलरला पुष्कळदा डिस्कच दिसत नाही आणि माणूस नवी एसएसडी खराब निघाली समजून परत द्यायला जातो. तिसरं, 'एसी रिकव्हरी' बंदवर ठेवा. गावात वीज जाते-येते, आणि दर वेळी वीज आल्याबरोबर सगळे सीपीयू एकदम सुरू झाले तर इन्व्हर्टर ओरडतो. अर्थिंगही तपासून घ्या. पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर पोरांना बसवायच्या आधी वायरमन बोलवा, यात चालढकल नको.

मिंट का, तर अभ्यासिकेत काम काय असतं ते बघा: स्पर्धा परीक्षांचे अर्ज, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पीडीएफ, यूट्यूबवरची व्याख्यानं, एखादा अर्ज टाइप करणं. हे सगळं ब्राउझर आणि लिब्रऑफिस या वर्डसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत, आणि प्रोसेसर कुठल्या पिढीचा हे तो विचारतच नाही. अपडेट मॅनेजरमध्ये आपोआप अपडेट चालू करा, आणि टाइमशिफ्ट हे साधनही. टाइमशिफ्टला आठवड्यातून एकदा सिस्टिमची प्रत ठेवायला सांगा, मग काही बिघडलं तर मागच्या आठवड्यावर परत जाता येतं. ८ जीबी रॅम असेल तर सिनेमन आवृत्ती घ्या, ४ च असेल तर हलकी एक्सएफसीई. दोन्हींत डावीकडे खाली मेनू असतो, पोरं दहा मिनिटांत सरावतात.

वाचनालयासाठी मला मिंटमधली सगळ्यात मोलाची वाटते ती पाहुण्याच्या लॉगिनची सोय. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. पासवर्ड न घालता कुणीही बसतं, आणि लॉगआउट केलं की त्याच्या फाइली, उघडी राहिलेली ईमेल, डाउनलोड केलेलं हॉलतिकीट, सगळं पुसलं जातं. एका मुलीचा अर्ज पुढच्या मुलाला दिसत नाही. मात्र याची पाटी मोठ्या अक्षरांत लावा: 'आपली फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, लॉगआउट केल्यावर ती राहणार नाही.' पाटी नसेल तर पहिल्याच आठवड्यात कुणाचा तरी दोन तासांचा मजकूर जाईल.

मराठी टायपिंगची काळजी करू नका. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्टही आहे आणि फोनेटिकही. अडेल ते जुन्या फाइलींपाशी. संस्थेचे वीस वर्षांचे ठराव आणि सभेची इतिवृत्तं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर तो फॉन्ट मशीनमध्ये टाकेपर्यंत तिथे नुसती चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसतील. फॉन्टची फाइल मिंटमध्येही बसवता येते. पण वेळ मिळेल तसं ते सगळं युनिकोडमध्ये करून घ्या.

विश्वस्तांपैकी कुणी 'लिनक्स कशाला, मुलं बाहेर विंडोजच वापरणार' असं म्हटलं, तर केरळचं उदाहरण द्या. तिथल्या सरकारी शाळांत अनेक वर्षं लिनक्सवरच संगणक शिकवतात.

एक मशीन विंडोजचं का, तेही सांगतो. डिजिटल सहीचा डोंगल, टॅली, टायपिंग परीक्षेच्या सरावाची सॉफ्टवेअर, एखादा हट्टी स्कॅनर: यांना विंडोज लागतं, आणि ते लोक नेहमी घाईत असतात. सहांतलं सर्वांत धडधाकट मशीन यासाठी निवडा. रूफस नावाचं छोटं साधन विंडोजची पेन ड्राइव्ह तयार करताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढू का असं स्वतःच विचारतं, तिथे खूण करा. आयएसओ फाइल (जिच्यावरून ही पेन ड्राइव्ह तयार होते ती) मात्र मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या. कुणीतरी 'हलकी' करून दिलेली विंडोज वाचनालयात नको, तिच्यात काय काढलंय आणि काय घातलंय ते कुणाला माहीत? मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही हेही ग्रंथपालांना आधीच सांगा, आणि वर्षातून एक दिवस ठरवा, दिवाळीच्या सुट्टीतला चालेल, त्या दिवशी नवी आवृत्ती हाताने चढवायची. एका मशीनचं हे जमतं, सहांचं राहून जातं.

परवान्याचंही बघून घ्या. सध्याच्या विंडोज १० मध्ये ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेमार्फत' अशा अर्थाचं काही लिहिलेलं असेल तर तो परवाना त्या ऑफिसचा आहे, मशीनसोबत तुमच्याकडे आलेला नाही. 'डिजिटल परवाना' लिहिलेलं असेल तर तीच आवृत्ती, म्हणजे होमवर होम, प्रोवर प्रो, टाकली की ११ ही चालू होते. सहांपैकी ज्यांत असा परवाना असेल, त्यांतल्याच सर्वांत धडधाकट मशीनला विंडोजचा मान द्या.

प्रिंटर विकत घ्यायचा असेल तर आधी तो लिनक्सवर चालतो का ते मॉडेल नंबर टाकून बघा, मग पैसे द्या. एचपीचे बरेचसे एचपीएलआयपी या लिनक्ससाठीच्या ड्रायव्हरवर चालतात, काहींना जोडीला प्लगिन उतरवावं लागतं.

राहिलं सहावं मशीन. ते भंगारात देऊ नका. या लहान कॅबिनेटच्या डेलमध्ये पॉवर सप्लाय नेहमीचा नसतो, मदरबोर्डला जाणारं कनेक्टर २४ पिनांऐवजी ८ पिनांचं असतं. बाजारातला साधा एसएमपीएस आणला तर कॅबिनेटमध्येही बसत नाही आणि जोडलाही जात नाही. वीज वर-खाली होणाऱ्या गावात आधी जळतो तो हाच भाग. तेव्हा सहाव्याचा पॉवर सप्लाय आणि पंखा धूळ पुसून पिशवीत घालून कपाटात ठेवा, वर तारीख लिहा.

सुरुवात एकाच मशीनपासून करा. मिंट पेन ड्राइव्हवरून काहीही न पुसता चालवून बघता येतो. त्यात आवाज, नेट आणि तुमचा प्रिंटर चालतोय का बघा, आणि बायोसच्या पहिल्या पानावरचा बायोस आवृत्तीचा आकडा व साटा ऑपरेशनपुढे काय निवडलेलं आहे ते इथे खाली लिहा. पुढचं तिथून सांगतो.