पुण्यातल्या बेकऱ्या फिरून रिव्ह्यू लिहायचे आहेत. सुरुवात कुठून करू आणि तारे कशावर देऊ?

कॅम्पातून करा, सगळे तिथूनच करतात. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी, १९५५ पासूनची. श्रूजबेरी बिस्किटं घ्या, मावा केक घ्या, दुपारचे जाऊ नका, बंद असते. मग आपटे रस्त्यावर संतोषचे पॅटिस. झालं. तुमच्या ताऱ्यांनी या दोघांना काडीचा फरक पडणार नाही. फरक पडतो तो गल्लीतल्या बेकरीला, जिथे पाव, बटर, खारी, टोस्ट आणि बरणीत नानकटाई एवढंच मिळतं. तुमच्या प्रश्नातल्या ‘तारे’ या शब्दावर मी अडलो, म्हणून हे लांबण.

१९८६ चा मे महिना. आम्ही नाना पेठेत वाड्यात राहायचो. तेव्हा घरचं सामान देऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणायची पद्धत होती. मैदा-रवा मिळून दोन किलो, पिठीसाखर किलोभर, साजूक तूप किलोभर, वेलदोड्याची पूड कागदाच्या पुडीत. आत्या पुढे, तुपाचा डबा घेऊन मी मागे. भट्टी लाकडाची. पहाटेचा पाव निघून गेला आणि आच उतरायला लागली की मग गिऱ्हाइकांची बिस्किटं आत जायची, आणि शेवटच्या धगीवर टोस्ट. आमचा नंबर अकराच्या सुमाराला लागला.

कारागिराने झाकण काढून डबा तिरका केला. तूप पाण्यासारखं एका बाजूला गेलं. मे महिन्यात दुसरं काय होणार? तो म्हणाला, “बाई, घी पतला है, फैल जायेगा. ठंडा करके शाम को लाओ.” आत्या म्हणाली, “तुम भट्टी देखो, घी हमारे घर का है.” तो पुढे काही बोलला नाही. परातीत तूप आणि साखर घेऊन तळहाताने फेसायला बसला. फेसून फेसून ते पांढरं व्हायला हवं, ते शेवटपर्यंत पिवळंच राहिलं. मी शेजारीच एका पिंपावर बसलो होतो. पत्र्यांच्या कडेला खडूने आमचं आडनाव मीच लिहिलं. आणि डबा क्षणभरही नजरेआड झाला नाही, कारण तो रिकामा झाला की बोटाने पुसून चाटायचं काम माझ्याकडे होतं.

नानकटाया निघाल्या त्या चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या. एका पत्र्यावर तर सगळ्या मिळून एकच पोळी. आत्याने तिथल्या तिथे निकाल दिला: साजूक काढून घेतलं आणि डालडा घातला. संध्याकाळपर्यंत ती पोळी वाड्यातल्या बारा बिऱ्हाडांत फिरून आली. त्या दिवाळीत आमच्या वाड्यातलं एकही घर त्या बेकरीकडे फिरकलं नाही. बाबा पावासाठी दोन गल्ल्या लांब जायला लागले. तिकडचा पाव आंबूस असायचा, पण आत्यापुढे बोलणार कोण?

आता ऐका. डालड्याची नानकटाई अशी पसरत नाही. डालडा फेसला की हवा धरतो, नानकटाई फुगून उभी राहते, वर छान भेगा पडतात. दुकानात जी देखणी दिसते ती बहुतेक वेळा वनस्पती तुपाचीच, म्हणजे डालड्यासारख्या तुपाची. पातळ झालेलं साजूक तूप हवा धरत नाही, भट्टीत पसरतं. म्हणजे आत्याने जो पुरावा म्हणून दारोदार दाखवला, तो तिच्याच विरुद्ध होता. दुसरी खूण टाळूची. वनस्पतीचं काही खाल्लं की टाळूला मेणासारखा थर बसतो, चहाचा घोट घेतल्याशिवाय सुटत नाही. त्या नानकटायांचा बसत नव्हता. मी त्या दिवशी सोळा-सतरा खाल्ल्या होत्या. पण मला कुणी विचारलंच नाही. दहा वर्षांच्या पोराला कोण विचारतंय!

तर तारे टाळूवर द्या, रूपावर नको. खारीलाही हाच नियम. आणि खारी जुलैत सादळली म्हणून तारा कापू नका. पावसाळ्यात काउंटरची बरणी दिवसभर उघडमीट होते, दुसरं काय होणार? पाव भट्टीतून कधी निघतो ते आधी विचारा आणि त्या वेळी जा. रात्री आठला उरलेली लादी घेऊन ‘कडक होता’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. अय्यंगार नाव लावणाऱ्या सगळ्या बेकऱ्या एकाच मालकाच्या नसतात, तेव्हा एकीचा राग दुसरीवर काढू नका. आणि ‘शिळं’ किंवा ‘भेसळ’ हे शब्द लिहायचे असतील तर आधी काउंटरवर उभं राहून त्या माणसाच्या तोंडावर म्हणून बघा. तो काय सांगतो तेही लिहा. आमच्या वेळी त्याने आधीच सांगितलं होतं, एवढंच.

एक कबुली देतो. चपटी म्हणजे साजूकच असं नाही, सोडा जास्त झाला तरी नानकटाई पसरते. आणि साजूक सांगून वनस्पती विकणारेही शहरात आहेत, भरपूर आहेत. शिवाय मला आठ वर्षं शुगर आहे, नानकटाई अर्धीच मिळते, तेव्हा हल्लीच्या चवींबद्दल माझं किती ऐकायचं ते तुम्ही ठरवा.

आत्या आता कोथरूडला असते, ८३ वर्षांची. अजून प्रत्येक दिवाळीला फराळाचं ताट पुढे आलं की “डालडेवाला” म्हणून त्याचं नाव काढते. यंदा हे उत्तर मी तिच्यापुढे पुतण्याकडून मोठ्याने वाचून घेणार आहे. कबुलीचा परिच्छेद वगळून.