भाताला युरिया दिला की तण आणि तुडतुडे (रस शोषणारे छोटे किडे) दोन्ही का वाढतात?

कारण नत्र फक्त भातच खात नाही. लावणीनंतरचे पहिले ३० ते ४० दिवस तण भाताच्या बरोबरीने अन्न ओढतं, म्हणून आधी बेणणी, म्हणजे तण काढणं, आणि मगच युरिया, हा क्रम कृपा करून उलटा करू नका.

युरियात ४६ टक्के नत्र असतं. सगळा एकदम टाकला तर बराचसा हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. उरलेला रोप अधाशासारखं घेतं. पानं गर्द हिरवी, लुसलुशीत आणि दाट होतात, आणि तपकिरी तुडतुड्यांना नेमकं तेच हवं असतं. करपा रोगही अशाच पिकावर जोर धरतो. त्यामुळे नत्र हप्त्यांत द्या: लावणीला, फुटवे येताना, लोंबी पोटरीत धरताना. पान आधीच गर्द दिसत असेल तर पुढचा हप्ता कमी करा.

आणि तुडतुडे दिसले म्हणून लगेच फवारणी नको. बुंध्याशी वाकून बघा, तुडतुडे खाणारे कोळी किती आहेत ते. सरसकट फवाऱ्याने आधी तेच मरतात, मग तुडतुडे दुप्पट जोमाने येतात. आधी शेतातलं पाणी काही दिवस काढून टाका.