ऊन, गोधड्या आणि रस्त्यावरचं सोयाबीन : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

यावेळी आलेले जवळजवळ सगळे प्रश्न बार्शी, वैराग, परंडा, तुळजापूर या आपल्याच पट्ट्यातले आहेत आणि सगळे गणपती उठल्यापासून कोजागिरीपर्यंतच्या दिवसांबद्दल. गंमत म्हणजे अर्ध्या लोकांनी उन्हाला शिव्या घातल्यात आणि अर्धे ऊन पडेना म्हणून रडतायत. दोघांनीही एकमेकांचे प्रश्न वाचावेत म्हणून एकत्रच देतेय.

ताई, मे महिन्यात ४२ डिग्रीत मी बाजारात आरामात फिरतो. आता मोबाईल ३३ दाखवतोय तरी दुकानात बसवत नाही, शर्ट पाठीला चिकटतो. मोबाईल चुकतोय की माझंच वय झालं? (किराणा दुकानदार, बार्शी)

मोबाईल बरोबर आहे, वयाचं तुमचं तुम्ही बघा. मे महिन्यात आपल्याकडची हवा ठणठणीत कोरडी असते, घाम आला की लगेच उडून जातो आणि उडताना अंग गार करून जातो. आता चार महिन्यांचा पाऊस जमिनीत मुरलाय, ओढे भरलेत, रानात पिकं उभी आहेत आणि वर ढग नाहीत, म्हणजे ऊन थेट येतंय आणि खालून वाफ उठतेय, त्यात वारा पडलेला. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा दमलेला असतो आणि थंडीचा अजून सुटलेला नसतो. मग घाम वाळतच नाही, नुसता अंगावर बसून राहतो, म्हणून ३३ पण जड जातात.

मान्सून १७ सप्टेंबरच्या आसपास पश्चिम राजस्थानातून माघारी फिरायला लागतो आणि आपल्याकडून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो. तो गेला की हवा कोरडी होते, दुपार तापते पण पहाटे पायाशी चादर लागते. त्या दिवसांत दुकान उघडायचं लवकर आणि दुपारची झोप वसूल करायची, बार्शीत दुपारी तीनला कोण येतंय किराणा घ्यायला!

ताई, माझं लग्न या मे महिन्यात झालं, माहेर पुण्याचं. सासूबाई म्हणाल्या पितृपाठात "दसरा काढायचा". मला वाटलं झाडलोट असेल, पण घरातली प्रत्येक गोधडी, चादर, पडदा, सतरंजी, माळ्यावरची पितळी भांडी, सगळं धुवायचं म्हणे, तेही नदीवर! मशीन आहे ना घरात. एवढं खरंच लागतं का? (नवी सून, परंडा तालुका)

अगं बाई, तू या घरातला सगळ्यात मोठा इव्हेंट पहिल्याच वर्षी पकडलास.

आधी मशीनचं बोलू. घरची मशीन बहुतेक सात किलोची असते, आणि ते सात किलो कोरड्या कपड्यांचे. चार जुन्या नऊवारी एकावर एक घालून शिवलेली गोधडी कोरडीच भरपूर वजनाची असते आणि भिजली की दोन माणसांना उचलत नाही. ती मशीनमध्ये कोंबलीस तर स्पिनला सगळं वजन एका बाजूला जातं, मशीन बाथरूमभर नाचते आणि टाके उसवतात ते वेगळंच. त्यामुळे गोधड्यांच्या बाबतीत सासूबाई बरोबर आहेत. चादरी, पडदे, उशांचे अभ्रे मात्र मशीनला लावच, तिथं नदीचा हट्ट कशाला.

आता कारण. जून ते सप्टेंबर अंथरुणं दमट असतात, कपाटातून कुबट वास येतो, भिंतीला बुरशी धरते, कुणाला सकाळी उठल्या उठल्या शिंका सुरू होतात. हे सगळं घालवायला पाणी लागतं भरपूर आणि ऊन लागतं कडक, आणि वर्षात हे दोन्ही एका वेळी फक्त याच पंधरा-वीस दिवसांत मिळतं. उन्हाळ्यात ऊन असतं तर पाणी नसतं, पावसाळ्यात उलटं. आणि पुढं लगेच घट बसतात, घट बसले की बऱ्याच घरी धुणं-बिणं काढत नाहीत, म्हणून हा पंधरवडा. यात कुठं अंधश्रद्धा नाहीये, सोयीचं गणित आहे, फक्त ते गणित दरवर्षी बायकांच्याच कमरेवर सोडवलं जातं हे मला पटत नाही. नवऱ्याला सांग की ओली गोधडी पिळायला दोन टोकाला दोन जण लागतात आणि दुसरं टोक त्याचं आहे. आमच्या आळीत आता दोन-तीन घरं मिळून टेम्पो करतात, पुरुष मंडळी उचलायला आणि वाळत घालायला, डबा बरोबर, संध्याकाळी सगळं घडी करूनच परत. ही पद्धत चांगली आहे.

दोन गोष्टी सांभाळ. पावडरचं पाणी थेट प्रवाहात सोडायचं नाही, काठापासून लांब टपात भिजवून तिथंच ओतायचं, शेवटचं खळबळणं तेवढं वाहत्या पाण्यात. आणि लहान पोरं बरोबर न्यायची नाहीत, धरणातून कधी पाणी सोडतात सांगता येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला केवढा पूर आला होता ते परंड्याच्या लोकांना मी काय सांगायचं! काठ नेहमीचा दिसतो पण खालची माती गेलेली असते.

पितळी भांड्यांना चिंच-मीठ लाव आणि निम्मी भांडी लागतच नाहीत हे सासूबाईंना हळूच सुचव. पुढच्या वर्षी. यंदा नको.

घर ते शाळा सहा किलोमीटर स्कूटीवर जातो. गेला आठवडाभर अर्धा रस्ता सोयाबीनने भरलाय, कडेला दगड लावलेत, संध्याकाळी अंधारात एकदा पडता पडता वाचलो. शेतकऱ्याला बोललं तर तो म्हणतो "मग घरात वाळवू का?" तुम्हीच सांगा कोण बरोबर. (शिक्षक, वैरागजवळ)

सर, रस्त्यावर धान्य वाळत घालणं कायद्यात बसत नाही, हे तुम्हाला पण माहितीय आणि त्याला पण. तरी तो घालतो, कारण काय ते बघा.

नुकत्या मळलेल्या सोयाबीनमध्ये ओलावा बराच असतो, मळणीच्या तोंडावर पाऊस झाला तर विचारूच नका. हमीभावाने विकायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. केंद्रावर मशीनमध्ये मूठभर दाणे टाकतात, आकडा वर आला की माल माघारी. आडत्याकडे गेला तर तो घेतो, पण मॉइश्चरच्या नावाखाली भाव पाडून घेतो. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारने १५ टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण तोवर कित्येकांनी माल विकून टाकला होता. म्हणजे दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हावर त्याचं वर्षाचं गणित उभं. आणि त्याला ते ऊन गाठायचं असतं परतीच्या पावसाच्या आधी. हा पाऊस दुपारपर्यंत काही कळू देत नाही, चार वाजता ढग जमतात, गडगडाट होतो आणि तासाभरात खळ्यात पाणी. हत्तीचा पाऊस म्हणतात तो हाच, सप्टेंबरच्या शेवटी हस्त नक्षत्र लागतं तेव्हाचा. रान ओलं, खळी आता कुणाकडं राहिली नाहीत, घरापुढं अंगण नाही, मग काळं, तापलेलं, कोरडं असं काय उरतं? डांबर.

एवढं सगळं मान्य करून सुद्धा माझं मत असं आहे की दिवसा गावातल्या कमी वर्दळीच्या रस्त्यावर एका कडेला घातलं तर आपण सांभाळून जावं, पण अंधार पडल्यावर रस्त्यावर दगड राहिलेच नाही पाहिजेत. काळी ताडपत्री आणि काळा रस्ता, कुणाला दिसणार? त्या दगडांनी माणसं मेलीत. संध्याकाळी माल गोळा करून कडेला ढीग करा, दगड उचला, तेवढं जमत नसेल तर रस्ता वापरू नका. तुमच्या शाळेचं मैदान शनिवारी दुपारपासून रविवारी संध्याकाळपर्यंत रिकामं असतं ना सर? ग्रामपंचायतीला आणि मुख्याध्यापकांना विचारून बघा. मंगल कार्यालयांची पटांगणं पण या दिवसांत ओस पडलेली असतात, पितृपाठात कोण लग्न लावतंय.

आणि शेतकरी दादा, तुम्ही हे वाचत असाल तर, पुढच्या वर्षी बियाणं म्हणून ठेवायचं सोयाबीन डांबरावर अजिबात घालू नका. त्याचं साल फार नाजूक असतं, चाकाखाली आलं की वरून धड दिसतं पण उगवत नाही. ते ताडपत्रीवरच, पातळ थर करून.

घटातलं धान्य पिवळं का येतं? शेजारणीचं हिरवं आलं तर ती म्हणते आमच्याकडं काहीतरी कमी पडलं. (गृहिणी, तुळजापूर)

कमी पडला तो उजेड, दुसरं काही नाही. देवघरात अंधार असतो, आणि पान हिरवं व्हायला उजेड लागतो. अंधारात कोंब नुसते उंच, पिवळे आणि लुसलुशीत वाढतात. शेजारणीचा घट खिडकीजवळ असणार, जाऊन बघा. पिवळे तुरे टोपीत खोचायला उलट जास्त छान दिसतात.

बघायचंच असेल तर कुठलं धान्य किती उगवलं ते बघा. जुनी माणसं घटावरून बियाणं पारखायची, आणि दिवस पण नेमके रब्बी ज्वारीच्या पेरणीचे. घरच्या मालदांडी ज्वारीचे दाणे मोजून टाका आणि किती उगवले ते मोजा. उगवण फारच कमी दिसली तर पेरायला दुसरं बी आणायला अजून वेळ असतो. माती शेतातलीच घ्या आणि पाणी रोज शिंपडण्यापुरतंच. जास्त झालं की धान्य कुजतं आणि मग शेजारीण काय म्हणेल ते मी सांगायला नको.

पाणी आठवड्याने येतं म्हणून घरात तीन बॅरल भरून ठेवतो. नगरपालिकेची माणसं येऊन ओतून द्या म्हणतात. मग प्यायचं काय? (वाचक, बार्शी)

ओतायचं नाही, झाकायचं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणजे तुमच्या नळाच्या पाळीएवढेच. बॅरलच्या तोंडाला जुन्या धोतराचं कापड घट्ट बांधा. नवीन पाणी यायच्या आदल्या दिवशी तळातलं पाणी वापरून टाका आणि आतली बाजू काथ्याने खरवडून घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि नुसतं रिकामं करून जात नाहीत. हा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबून राहू नका.

दसऱ्याला बाजारात आपट्याची म्हणून जी पानं विकतात ती खरी असतात का?

बऱ्याचदा कांचनाची असतात. दोन्ही एकाच कुळातली, पान दोन्हीचं मध्ये दुभंगलेलं. आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं. सोनं म्हणून एक पान पुरतं, पोरांना फांद्या तोडू देऊ नका. आणि झेंडू दसऱ्याच्या दिवशी दुपारनंतर घेतला तर स्वस्त मिळतो, पण शेतकऱ्याचे हाल तेव्हाच असतात, म्हणून मी तरी सकाळीच घेते.

सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी आहे, चाळीस माणसं. दूध किती आणू? गेल्या वर्षी खाली लागलं आणि सगळ्यांनी जळकं दूध प्यायलं. (सेक्रेटरी, बार्शी)

माणशी दीडशे मिली धरलं तर सहा लिटर होतं, पण आटवणार म्हणजे आठ लिटर आणा, शिवाय दुसऱ्यांदा मागणारे असतातच. पातेलं जाड बुडाचं घ्या, आधी त्यात वाटीभर पाणी घालून मग दूध ओता. गॅस मंद ठेवा आणि ढवळायला एकच माणूस नेमा, पाच जण असले की कुणीच ढवळत नाही. साखर आधी घातली की बुडाला धरते, ती सगळ्यात शेवटी. जायफळ अगदी चिमूटभर, चारोळी-बदाम आवडीप्रमाणे.

चंद्र डोक्यावर यायला मध्यरात्र होते, म्हणून दहाला गॅस पेटवला तरी चालतं. तुमच्याकडची तरणी पोरं त्या रात्री तुळजापूरला चालत निघणार असतील तर त्यांचं दूध आधी काढून ठेवा. तेवढं अंतर चालायचं तर संध्याकाळीच निघावं लागतं, आणि वाटेत फराळ मिळतो, पण पहिले काही किलोमीटर काही नसतं.