पळते किती ते कळलं, थांबते कशी ते विचारा

प्रश्न : काका, लवकरच बाजारात येणाऱ्या एका दमदार इलेक्ट्रिक सेडानवर माझा जीव जडलाय. ताकद 500 हॉर्सपॉवरच्या वर, शून्यावरून शंभरला चार सेकंदांच्या आत, वजन 2200 किलोच्या आसपास. माहितीपत्रकात ब्रेक आणि सस्पेन्शनवर जेमतेम दोन ओळी आहेत. कार्बन सिरॅमिक ब्रेक आणि एअर सस्पेन्शन जादा पैसे भरून मिळेल म्हणतात. घरी आईबाबा आहेत, महिन्यातून दोनदा समृद्धीनं छत्रपती संभाजीनगरला जाणं होतं. काय अपेक्षा ठेवू? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा आकडा 2200 हा आहे, पाचशे नव्हे. समृद्धीवर 120 च्या वेगानं चाललेल्या एवढ्या वजनाच्या गाडीत जी ऊर्जा असते, तिच्यात माठातलं चार लिटर पाणी उकळेल. पुढे अचानक रानडुक्कर आलं आणि तुम्ही ब्रेक पूर्ण दाबला, की ती सगळी उष्णता साधारण साडेतीन सेकंदांत डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी, आणि तिला दाबणारे पॅड यांना झेलावी लागते. माझी जुनी हॅचबॅक 1100 किलोची आहे. तिच्या ब्रेकला याच्या निम्मंच काम पडतं.

शोरूममध्ये तुम्हाला सांगतील, "साहेब, इलेक्ट्रिकमध्ये मोटरच ब्रेक लावते." हे खरं आहे, पण सीताबर्डीच्या सिग्नलपुरतं. पाय उचलला की मोटर जनित्र होते, बॅटरीत वीज परत जाते, गाडी हळू होते. पोर्शेनं आपल्या टायकान या इलेक्ट्रिक सेडानबद्दल सांगितलं होतं की रोजचं नव्वद टक्के ब्रेकिंग मोटरच करते, पॅड डिस्कला लागतही नाहीत. माझा त्यावर विश्वास आहे. पण तीच टायकान सुरुवातीला ब्रेकिंगमध्ये जास्तीत जास्त 265 किलोवॉट परत घेत होती, 2024 च्या सुधारित गाडीत ते 400 झालं. आणि 120 वर करकचून ब्रेक लावला, तर पहिल्या क्षणी चाकांपाशी लागतात जवळजवळ 700 किलोवॉट. वरचा फरक कोण भरणार? डिस्क आणि पॅड. म्हणून पोर्शेनं टायकानच्या टर्बो एस या दमदार प्रकाराला पुढे 420 मिलिमीटरच्या सिरॅमिक डिस्क दिल्या. टेस्लाचंही तेच. त्यांची मॉडेल एस प्लेड ही दमदार सेडान 2021 मध्ये आली, आणि कार्बन सिरॅमिक ब्रेकचा संच त्यांनी नंतर वेगळा विकायला काढला.

आता एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. गेल्या डिसेंबरात एका ग्राहकाच्या गाडीत बसून चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरत होतो. रात्रभर हॉटेलात चार्जिंग लावलेलं, सकाळी बॅटरी शंभर टक्के. पहिल्याच वळणाआधी त्यांनी सवयीनं पाय उचलला आणि गाडी थांबायचं नाव घेईना. त्यांचा चेहरा पांढरा पडला. बिघाड काहीच नव्हता. बॅटरी भरलेली असली की वीज ठेवायला जागाच नसते, त्यामुळे मोटरचं ब्रेकिंग जवळपास बंद होतं. काही गाड्या अशा वेळी आपणहून पॅड लावून कमी भरून काढतात, काही काढत नाहीत. नवी गाडी घेताना हा प्रश्न नक्की विचारा. आणि घाटावर मुक्काम असेल तर नव्वद टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. चिखलदरा ते परतवाडा साधारण 700 मीटरची उतरण आहे. चार माणसं बसलेल्या अशा सेडानला त्यात फार तर पाचेक युनिट परत मिळतात, म्हणजे 80 युनिटच्या बॅटरीचे सहाएक टक्के. तेवढी जागा मोकळी ठेवली की झालं. छिंदवाड्याच्या वाटेवर सिल्लेवानी घाट उतरणाऱ्यांनाही हेच सांगतो.

कार्बन सिरॅमिक तुम्ही घेऊ नका. तुम्ही ट्रॅकवर जाणार नाही. ते हलके असतात, खूप तापले तरी त्यांची पकड सहसा ढिली पडत नाही, पण एका कोपऱ्याची डिस्क फुटली तर तिच्या किमतीत चांगली दुचाकी येते. तुमच्या वापराला पुढे जाडजूड हवेशीर डिस्क आणि चार पिस्टनचं फिक्स कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी न सरकणारी पकड, असलं की भरपूर झालं. त्यापेक्षा हे विचारा : पॅड नागपुरात शेल्फवर असतात की पुण्याहून मागवावे लागतात?

टेस्ट ड्राइव्हला सगळे एकदा ॲक्सिलरेटर दाबून खूश होऊन परत येतात. तुम्ही असं करा. मिहानकडे सकाळी सहाला रस्ता रिकामा असतो. मागे कुणी नाही हे पाहून 80 वरून पूर्ण थांबा, लगेच पुन्हा 80, पुन्हा थांबा, असं तीनदा. पहिल्यांदा सगळ्याच गाड्या छान थांबतात. तिसऱ्यांदा पेडल पहिल्याइतकंच वर आणि घट्ट हवं. आणि मोटरचं ब्रेकिंग संपून पॅड लागतात तो सांधा पायाला कळतो का, तेही पाहा. सिग्नलजवळ शेवटच्या दहा किलोमीटर वेगात गाडी मान हलवत असेल, तर आईबाबांना रोज तोच त्रास होणार.

आता सस्पेन्शन. बॅटरी तळाशी असल्यानं गाडी वळणावर झुकत नाही, हा मोठा फायदा. पण वजन पेलायला स्प्रिंग कडक लागतात, आणि कडक स्प्रिंग आपल्या सिमेंट रोडच्या जोडांवर बोलतात. थड, थड, थड. वर्धा रोडला चालवणाऱ्याला ते एवढं जाणवत नाही, मागच्या सीटवर जाणवतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला आईला घेऊन जा, आणि अर्धा वेळ तुम्ही मागे बसा. जोडावरून गेल्यावर गाडी एकदा खाली-वर होऊन स्थिर झाली पाहिजे. दुसऱ्यांदा हलली तर शॉकअप वजनाला कमी पडतायत. ठक्ककन आवाज आला आणि गाडी हललीच नाही, तर ते गरजेपेक्षा कडक आहेत.

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर एअर सस्पेन्शनऐवजी आपणहून मऊ-कडक होणारे शॉकअप घ्या. एअरमध्ये गाडी उंच करता येते, सामान भरलं तरी मागून बसत नाही, हे मला आवडतं. पण त्याचे रबरी फुगे आणि कॉम्प्रेसर आपल्या 45 अंशांत वर्षानुवर्षं उभे राहणार आहेत. वॉरंटी संपल्यावर एका फुग्याची किंमत काय, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

उंचीचं मात्र गंभीरपणे पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्याची गोलाई 17 मीटर त्रिज्येची. अशा गतिरोधकावर 2.9 मीटर व्हीलबेसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेल्या, गाडीला पोटाखाली सहा-साडेसहा सेंटिमीटर जागा पुरते. कुठलीही सेडान तरून जाते. अडचण आपल्या गल्लीतल्या घरगुती ब्रेकरची आहे. सिमेंटचा अरुंद, वीतभर उंच ढिगारा, त्यावर पांढरी पट्टीही नाही. त्यावर पोट टेकतं, आणि इलेक्ट्रिक गाडीचं पोट म्हणजे बॅटरी. म्हणून गाडी स्वतःच्या घरापर्यंत आणून पाहा, शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावर ठरवू नका.

चाकं 19 इंचांची मिळत असतील तर 21 च्या मागे लागू नका. मोठ्या रिमला टायरची भिंत बोटभर उरते, खड्ड्यात एक फटका बसला की फुगवटा येतो. फक्त घेतल्यावर बाहेरून लहान रिम बसवायचं ठरवाल, तर आत कॅलिपरला जागा उरते का ते आधी मोजून घ्या.

प्रश्न : आमच्या इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक पॅड तीन वर्षांत झिजलेच नाहीत. सर्व्हिसवाले म्हणतात, काही करायची गरज नाही. खरंच नाही का? – एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, गरज आहे, आणि पॅड झिजले नाहीत म्हणूनच आहे. मागच्या महिन्यात माझ्याकडे अशीच एक गाडी आली. चालवणारे म्हणत होते, "डावीकडे ओढते." चाक काढलं तर डिस्कचा बाहेरचा कडा तांबूस, बोटानं खवल निघत होतं. आतला पॅड अर्धा संपलेला, बाहेरचा नवा कोरा. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतं, त्यांतली खालची पिन गंजून जागीच बसली होती. पाना लावून पिळताना तिचा करकर आवाज अजून माझ्या कानात आहे. रबराचा बूट फाटून पावसाचं पाणी आत गेलं होतं, आणि ब्रेक वापरातच नसल्यानं पिन कधी हललीच नाही. फोक्सवॅगननं आपल्या आयडी 3 या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रम ब्रेक दिले त्यामागे हाच विचार होता, की क्वचित लागणारा ब्रेक झाकलेला बरा.

तुम्ही दोन गोष्टी करा. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मोटरचं ब्रेकिंग कमीत कमीवर ठेवून, पेडलनं चार-पाच वेळा जरा जोरात थांबा. म्हणजे डिस्क स्वच्छ राहते. आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. ते हवेतला ओलावा ओढतं, गाडी चालो न चालो. डॉट 4 दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती मर्यादा 155 वर येते. पुढच्या सर्व्हिसला चाक काढायला लावा, आणि चारही कॅलिपरच्या पिना बाहेर काढून, पुसून, ग्रीस लावताना स्वतः उभं राहून पाहा.